नवमीचं पान

निवृत्तीनंतर मी मार्गासनीत राहायला आलो आणि ओसरीवर मुलांना गणित शिकवू लागलो. शेजारच्या हैबतीची सुप्रिया त्यांत सर्वांत चौकस. गेल्या पितृपक्षात तिनं विचारलं, "गुरुजी, कावळा माझ्या आईच्या पानाला का शिवत न्हाई?"

आई अपघातात गेली, असं तिला घरचे सांगत. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पान अविधवा नवमीला टाकतात, तसं मंगलचं दरवर्षी टाकत.

"या दिवसांत कावळ्यांची पोटं भरलेली असतात," मी समजावलं. पण त्याच्या शेजारी ठेवलेलं तिच्या पणजीचं पान कावळ्यांनी साफ केलं होतं. मंगलच्या खिरीला मुंगीसुद्धा लागली नव्हती.

मी हैबतीला गाठलं. त्यानं मान खाली घातली.

"जित्ती हाय, गुरुजी. काडीमोड झाला. शिवऱ्याला वडापावची गाडी लावती. पोरगी तिकडं वढू नये म्हणून माझ्या आईनं ती मेली म्हून सांगितलं."



यंदा नवमीच्या आधी मी शिवऱ्याला गेलो. मंगल कढईपाशी उभी होती. "कोर्टानं भेटायचा वार दिला, तर पोरगी आजारी हाय म्हनायचे. दारातनं हाकललं किती येळा." मी पानाचं सांगितलं, तसा तिचा झारा थांबला. मग ती मोठ्यांदा हसली.

"माझं पान टाकत्यात, आन् मलाच आवतन न्हाई व्हय?"

नवमीला दुपारी मी हैबतीकडे गेलो, तेव्हा गोठ्याच्या पत्र्यावर दोन पानं होती. पणजीचं रिकामं झालं होतं. हैबतीची आई, भामाबाई, "काव, काव" करत होत्या. अंगणातल्या उंबराच्या झाडावर कावळे दाटीनं बसलेले, पण एकाचाही आवाज नाही.

मंगल अंगणात आली. माझ्यावरही भुंकणाऱ्या कुत्र्यानं मान उचलली नाही.

"हैबती, वारं सुटलंय. कवाड लाव," भामाबाई म्हणाल्या. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"वारं न्हाई, आत्याबाई. मंगल हाय मी."

सुप्रियानं वर पाहिलं. "आजी, कोण बोलतंय?"

पोर नाटक करत नव्हती. इतकी वर्षं मुलांचे डोळे वाचलेत मी. ती आईच्या तोंडाकडेच पाहत होती, पण तिची नजर आरपार जाऊन आईच्या पाठीमागच्या भिंतीवर टेकली होती.

मंगलचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग तिनं पदर खोचला, पत्र्यावरचं पान खाली घेतलं आणि अंगणात मांडी घालून बसली.

"माझ्या नावाचं हाय. मीच खानार."

"शिवू नगंस!" भामाबाई किंचाळल्या.

"आता दिसले व्हय तुमाला?"

तिनं भात कालवला. वडा मोडला. सावकाश, चावून खाल्ला. खीर ओरपली.

सुप्रियाची नजर भिंतीवरून सरकत आली.

"आई?"

मंगलनं तिच्या तोंडात घास दिला. "आदी जेव. मग बोल."

पोर मांडीवर जाऊन बसली.

"ऊठ! मेलीया ती!" भामाबाई ओरडत होत्या. सुप्रियानं वळूनही पाहिलं नाही.

पान संपलं.

आता घरच्यांनी जेवायचं. काही घडलंच नाही अशा तोऱ्यात भामाबाई ताट घेऊन उंबऱ्यावर बसल्या.

उंबरावरचा एक कावळा थेट त्यांच्या ताटात उतरला.

मग दुसरा. मग सगळे.

भामाबाईंनी दोन्ही हात हलवले. हाड हाड केलं. ताट वाजवलं.

एकही कावळा दचकला नाही. समोर कुणी नसावं, तसे ते निवांत खात राहिले.