गोगलगाय मध्येच का थांबते?

“पाय उचलू नका!”

दार उघडून मी जेमतेम एक पाऊल आत टाकलं होतं. तशीच उभी राहिले, हातातल्या छत्रीतून पाणी टपकतंय... टेबलाखालून एक माणूस रांगत आला. माझ्या बुटाजवळून त्याने काहीतरी अलगद उचललं आणि तळहात माझ्यापुढे धरला. गोगलगाय!

“वाचली,” तो म्हणाला.

“मी ग्रंथालय शोधत होते...”

“शेजारचं दार. सगळेच चुकतात.” मग जरा विचार करून, “सगळे म्हणजे... आजवर तुम्हीच.”

चष्म्यामागचे त्याचे डोळे हसत होते की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. ग्रंथालयात जाऊन मी कोणतं पुस्तक मागितलं, तेही मला आठवत नाही.

त्या संशोधन संस्थेत मी नुकतीच लागले होते. प्रदर्शनासाठी फलक लिहायचं काम माझं. प्रत्येक शास्त्रज्ञाने काय शोधलं आणि त्याचा लोकांना उपयोग काय, ते एका वाक्यात लिहायचं. संचालक मॅडमनी सांगूनच ठेवलं होतं, की ज्याचा उपयोग सांगता येणार नाही, त्याची खोली दुसऱ्या गटाला जाईल. म्हणजे दुसऱ्या दिवशी मला त्याच्याकडे जाणं भागच होतं. (हे मी ताईलाही असंच सांगितलं. ती नुसती हसली.)

“तुम्ही नक्की काय शोधता?”

“गोगलगाय चालता चालता मध्येच का थांबते.”

“आणि ते कळलं की काय होईल?”

“कळेल!”

“अहो, पण लोकांना त्यातून काय मिळेल?”

“माहीत नाही,” तो म्हणाला आणि गोगलगायींच्या काचेच्या पेटीत पाण्याचा बारीक फवारा मारू लागला. खोलीभर ओल्या मातीचा वास पसरला.

“खोली जाईल तुमची! मग कुठे जाल?”

“दुसऱ्या गावची एक संस्था बोलावतेय.”

लिहिता लिहिता माझं पेन अडलं. दोन दिवसांची ओळख, तीही एका गोगलगायीच्या साक्षीने. मला एवढं व्हायचं काय कारण?

मग मी रोज जाऊ लागले, ते एक वाक्य काढून घ्यायला. वाक्य काही निघेना. त्याच्या विचित्र फर्माइशी मात्र निघू लागल्या.

“उद्या परफ्यूम लावू नका, प्लीज.”

मी कानापर्यंत लाल झाले. गोगलगायींना वास सोसत नसेल, अशी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “आज खिडकीशी नको, दाराशी बसा.” त्याच्या दुसऱ्या दिवशी, “आज बोलू नका, नुसत्या बसा.”

“श्वास घेऊ ना?”

त्याने खरंच विचार केला. “घ्या,” म्हणाला.

हातात स्टॉपवॉच धरून तो काचेवर वाकायचा, तेव्हा त्याचा हात थरथरायचा. अशक्तपणा असेल म्हणून मी एकदा घरून डबा नेला. त्याने तो मिटक्या मारत संपवला आणि हात आणखीच थरथरू लागला. आता याला काय म्हणावं?

“गोगलगाय अन् पोटात पाय!” ताई म्हणाली. “दिसतो साधा, पण तुला नाचवतोय बघ.”

“नाचवत नाही गं, नुसतं बसवतो.”

“तेच ते.”

एकदा बोलता बोलता आईचा विषय निघाला. गेल्या वर्षी तिचा खोकला थांबेना, मग थुंकी तपासून डॉक्टरांनी लगेच आजार ओळखला आणि ती वाचली. तो हळूच म्हणाला, “तसल्या तपासण्यांचं मूळ कुठे आहे, माहितेय? गरम पाण्याच्या झऱ्यांत. इतक्या कढत पाण्यात कोण जगतं, एवढंच कुणालातरी जाणून घ्यायचं होतं. तिथे एक जंतू सापडला. त्यातला एक पदार्थ पुढे अशा तपासण्यांना लागला... झऱ्याकाठी बसलेल्याला हे कुठे ठाऊक होतं?”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याने झटकन मान खाली घातली.

आणि निघताना म्हणतो काय — “पुढचा आठवडाभर येऊ नका.”

“का?”

“नका येऊ... एवढंच.”

झालं. याचं दुसऱ्या गावी जायचं ठरलं आणि मी त्याला नकोशी झाले, दुसरं काय? तो आठवडा मी उशीत तोंड खुपसून काढला. त्यातच फलक द्यायचा दिवस उजाडला. मी त्याच्यावर चिडले होते, पण त्याच्या गोगलगायींनी माझं काय वाईट केलं होतं? मी फलकावर लिहिलं, ‘गोगलगाय मध्येच का थांबते, हे अजून कुणालाच माहीत नाही. इथे ते शोधलं जात आहे.’

“आणि उपयोग?” संचालक मॅडमनी विचारलं.

“मॅडम, उपयोग काय असं आधीच विचारलं असतं, तर त्या झऱ्यांकडे कुणी फिरकलंच नसतं. आणि आज माझी आई...” मी त्यांना झऱ्याची आणि आईच्या तपासणीची सगळी गोष्ट सांगितली.

मॅडमनी फलक पुन्हा एकदा वाचला. “या बोलण्यात विज्ञान किती आणि गोगलगायवाला किती?”

मी फलक उगाचच सरळ करू लागले.

“एक वर्ष राहू दे त्याची खोली,” त्या म्हणाल्या. “मलाही आता वाटायला लागलंय, का थांबत असेल?”

संध्याकाळी तो माझ्या दारात उभा. पावसात चिंब भिजलेला, शर्टाची बटणं खालीवर लावलेली.

“आभार मानायला...”

“आभार राहू द्या. ‘येऊ नका’ का म्हणालात?”

“तुलना करायची होती.” त्याने चष्मा पुसला, तो आणखीच ओला झाला. “तुम्ही आलात की माझा हात थरथरतो, मोजणी चुकते. कारण शोधत होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची असते. परफ्यूम नव्हता. खिडकीतला उजेड नव्हता. तुमचं बोलणंही नव्हतं. मग राहिलं एकच... तुम्हीच नसताना काय होतं, ते.”

मी डोक्याला हात लावला. “अहो शहाणे, आठवडाभर रडले मी! ते तुमच्या मोजणीत कुठे धरलंत?”

“रडलात?” त्याचा चेहरा पडला. “हे... हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

“मग? थांबला का हात?”

“नाही. थरथरणं वाढलंच. गोगलगाय कधी थांबली, कधी निघाली, काही कळलं नाही. मी दाराकडेच बघत होतो.”

मी त्याचा ओला हात हातात घेतला. दोघांपैकी कुणाचा जास्त थरथरत होता, सांगता येत नव्हतं.

“मला तुम्ही आवडता,” मी म्हटलं. “का, ते मात्र विचारू नका. माझं मलाच कळलेलं नाही.”

“विचारणार,” तो म्हणाला. “रोज विचारणार.”