डाव्या मडगार्डातले ठोके

ठोकमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जन्मभर पत्रा ठोकत बसले म्हणून गल्लीने ते चिकटवलं, आणि बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणायची. चेपलेल्या, गंजून चाळण झालेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचे हा त्यांचा धंदा. आता ऐकून घ्या, मधे बोलू नका. मला स्वतःलाच ही गोष्ट धड लागत नाही, तुम्ही मधे बोललात की आणखी गुंता व्हायचा.

गाडी होती एका डॉक्टरीणबाईंची. डॉक्टर जाऊन जमाना लोटला, गाडी तेव्हापासून बंद शेडमध्ये पडून. नातीने हट्ट धरला की आजोबांची गाडी चालती करायचीच. मग इंजिन काढून मेकॅनिककडे गेलं, आणि नुसता सांगाडा चार चाकांवर ढकलत ढकलत मास्तरांकडे आला. लांबलचक नाक, बटाट्यासारखे दोन दिवे, आणि गंज असा की दार लावलं तरी खाली तांबडी भुकटी सांडायची. मास्तर खूश झाले. अशी गाडी हाताखाली यायला नशीब लागतं, असं त्यांनी बायकोला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, माझ्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं होतंत?

त्या दिवसांत आभाळ सारखं भरलेलं असायचं आणि पडत काहीच नव्हतं. भरदुपारी मास्तरांच्या शेडमध्ये दिवा लावावा लागे. रॉकेल, जुन्या गाद्या आणि ओलं लोखंड यांचा एक वास कोंडून राहिलेला. मास्तर डाव्या मडगार्डाखाली उताणे झोपून आतला काळा थर खरवडत होते. गाडीच्या पोटाला पूर्वी डांबरासारखं काहीतरी फासत, तो थर दगड झाला होता. त्याचा एक पापुद्रा सुटून त्यांच्या छातीवर पडला, आणि खालच्या पत्र्यावर ठोके दिसले.

ठोके म्हणजे हातोडीचे गोल ठसे. आतून पत्रा ठोकून बाहेर काढला की ते राहतात. आतल्या बाजूला कोण कशाला कानस मारतो? तेव्हा ठसे दिसण्यात नवल नव्हतं. नवल हे की ते मास्तरांचेच होते. बाकीचे सगळे मधून सुरू करून कडेला जातात. मास्तर कडेपासून गोल गोल फिरत मध्याकडे यायचे. उस्तादाने या सवयीपायी त्यांना पुष्कळ बोलून घेतलं होतं, पण खोड गेली नाही ती नाहीच. इथे तेच वेटोळं होतं. शिवाय प्रत्येक ठशाच्या कडेला नखाएवढी चंद्रकोर उमटलेली. मास्तरांच्या हातोडीचा कपचा उडाला होता, त्याची ती खूण. गेल्या उन्हाळ्यात बायकोने कुलूप फोडायला हातोडी नेली आणि पायरीवर आपटली, तेव्हाचा.

म्हणजे हे काम आपण केलंय. गेल्या उन्हाळ्यानंतर केलंय. आणि आपल्याला त्यातलं काहीही आठवत नाही.

मास्तर घाबरून मडगार्डाखालून बाहेर सरपटले. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीने? पण त्यांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या विसरले, मग गल्ली विसरले. आणि एका सकाळी चहा घेऊन आलेल्या मास्तरांच्या आईकडे बघून त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "बाई, आपण कोण?" आई कप ठेवून आत गेली. तो कप मास्तरांच्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही. आपलं काही होवो, पण आपल्या बायकोला तसं आत जावं लागू नये, एवढं एकच त्यांचं मागणं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना खटकली, पण तिच्याकडे त्यांनी मुद्दाम काणाडोळा केला. ठोके त्यांचे खरे, पण हात थरथरत असल्यासारखे पडलेले. एक खोल, एक उथळ, एक भलतीकडेच. तापात किंवा रडत रडत केल्यासारखं काम. मास्तरांचा हात म्हणजे गल्लीत पैज लावावी असा, कधी कापायचा नाही.

पुढचे काही दिवस त्यांचे फार वाईट गेले. रस्त्याने जाताना ते दुकानांची नावं मनात म्हणून बघत. बायकोला आडून आडून विचारत, हातोडी नक्की कधी आपटली होतीस गं? ती म्हणाली, एवढ्याशा कपच्यासाठी किती दिवस ऐकवणार आहात? म्हणजे तेवढं तरी बरोबर आठवत होतं. मग बाकीचं कुठे गेलं? रात्री ती झोपली की हे तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे, पाठ केल्यासारखे.

शेवटी राहवेना, तेव्हा ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. या गाडीला मागे कधी ठोकाठोकी झाली होती का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. बाई म्हणाल्या, छे हो, नवी घेतली, थोडी चालवली, आणि हे गेले. माझी मुलगी तेव्हा पोटात होती. तेव्हापासून शेडचं दार उघडलं ते तुमच्याकडे पाठवायलाच. मुलगी शेजारी बसून हसत होती, तिचे केस निम्मे पांढरे झाले होते.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आपण विसरलो नाही! मुलगी पोटात होती तेव्हा मास्तर स्वतः चड्डीत फिरत होते, हातोडी उचलायचीसुद्धा ताकद नव्हती. ते शीळ घालत फाटकापर्यंत आले, आणि तिथे मात्र पाय थबकले. आपण नाही, तर मग हे ठोके कुणाचे? आणि उन्हाळ्यातला कपचा इतक्या जुन्या डांबराखाली गेला कसा? डोकं चक्रावलं. घर उजवीकडे की डावीकडे, हे त्यांना क्षणभर खरंच सुचेना.

शेडमध्ये परतल्यावर त्यांनी तो पत्रा रॉकेलने धुऊन धुऊन लख्ख केला आणि भिंग लावून पाहिलं. तेव्हा दिसलं. प्रत्येक ठशाला एक नाही, दोन चंद्रकोरी होत्या. एक ओळखीची आणि तिच्या बरोब्बर समोर दुसरी. मास्तरांनी आपली हातोडी उलटी करून पाहिली. एकच कपचा. बोट फिरवून पाहिलं. एकच! म्हणजे ती हातोडी दुसरी, तो माणूस दुसरा, कुणी एक जुना कारागीर आपल्यासारखाच खोडीचा. मास्तर एकटेच मोठ्याने हसले, आणि शेडच्या पत्र्यांनी ते हसणं जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. भीती, वडील, आईचा तो कप, सगळं. तिचे डोळे भरून आले. मग ती रागावली, इतके दिवस एकट्याने कुढत बसलात म्हणून. मग खाली वाकून तिने ठोके पाहिले आणि म्हणाली, "काहीही म्हणा, ठोकमास्तर, हात तुमचाच आहे. पण घाबरून केलेला."

"दुसरा कपचा बघ ना," मास्तर म्हणाले.

"बघितला. नाही तुमची हातोडी. झालं समाधान?"

झालं होतं. त्या आनंदात मास्तरांनी बाहेरच्या बाजूचं काम हाती घेतलं. पूर्वी पुट्टी नव्हती, ठोकून जो खड्डा उरेल त्यात कथील वितळवून भरत. मास्तरांनी ज्योत लावली आणि कथील पाघळून थेंब थेंब जमिनीवर पडू लागलं. खालून खड्डा उघडा पडला. आणि मास्तरांची शीळ आपोआप थांबली.

पत्र्यावर काय आदळलं हे पत्राच सांगतो. खांब आदळला तर घडी पडते. दुसरी गाडी आदळली तर चुरगळतो. हा खड्डा वाटीसारखा होता, खोल आणि गोल. असा खड्डा मास्तरांनी आयुष्यात दोन-तीनदाच पाहिला होता, आणि त्या गाड्या पोलीस घेऊन आले होते. असा खड्डा माणूस आदळला की पडतो.

बाई तर म्हणाल्या होत्या, काही झालंच नाही. मास्तरांनी ज्योत विझवली. असेल, डॉक्टरांनी बायकोपासून लपवलं असेल, गुपचूप ठोकून घेतलं असेल. आपल्याला काय करायचंय? एवढ्यात मेकॅनिकचा फोन आला. इंजिन एकदम झकास झालंय मास्तर, उद्या आणून बसवतो, परवा गाडी रस्त्यावर. मास्तर बरं म्हणाले.

बायको कप गोळा करत होती. हातोडी बॉनेटवर ठेवलेली, तिच्या कोपराचा धक्का लागला आणि ती घसरली. खाली लोखंडी ठोकळा पडला होता, नेमकी त्यावर आपटली. आवाज बारीकच झाला, काच तडकल्यासारखा. काहीतरी टणकन उडून कोपऱ्यात गेलं.

बायकोने हातोडी उचलली, बाहीला पुसली आणि जीभ चावली. "गेलं... आणखी एक कपचा उडाला. दोन्ही वेळा मीच. आता जन्मभर ऐकावं लागणार मला."

मास्तरांनी हातोडी घेतली नाही. त्यांना ती उभ्या जागेवरूनच दिसत होती. जुना कपचा, आणि बरोब्बर समोर नवा, चकचकीत.

"अहो... काय झालं?" ती म्हणाली. "असे काय बघताय? काही विसरलात का?"

विसरलो असतो तर! मास्तरांच्या मनात आलं. डोकं बिघडलेलं असतं, वडिलांसारखं सगळं पुसून गेलं असतं, तर किती बरं झालं असतं. पण सगळं लख्ख आठवत होतं, दुकानांच्या नावांसकट. ही गाडी पुढे जाऊ नये, इंजिन येऊ नये, आजच्या आज ढकलत परत पाठवायची, असं काहीतरी ते बोलायला गेले, पण शब्द एकमेकांत अडकले. त्यांनी फोन उचलला. बोटांना आकडे सापडेनात. त्यांचा उजवा हात कापत होता.

तो त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला, तरी थांबेना. एक झटका मोठा, एक लहान, एक भलतीकडेच.

"बसा बघू आधी," बायको म्हणाली. "मी इथेच आहे." आणि हाताची घडी घालून ती गाडीला टेकून उभी राहिली. तिची कंबर त्या खड्ड्यात अशी बसली की मधे बोट शिरायलासुद्धा जागा उरली नाही.