सात दोऱ्यांचा गोफ

सात जणांनी गोफ विणायचा कसा?

२०६१ सालच्या शिमग्याला नऊ दिवस उरले होते आणि आंबेखण गावच्या केतकी परबला या प्रश्नाने जेवण गोड लागू दिलं नव्हतं.

गोफ कधी पाहिला नसेल तर आधी तो समजून घ्या. देवळापुढच्या मांडवात मधल्या वाशाला आठ रंगीत दोऱ्या बांधतात. खाली आठ मुलं एकेक टोक धरून गोल उभी राहतात. ढोल सुरू झाला की चौघं उजवीकडे निघतात, चौघं डावीकडे. समोरून येणाऱ्या पहिल्याच्या आतून जायचं, दुसऱ्याच्या बाहेरून, पुन्हा आतून. खाली पाय नाचतात आणि वर दोऱ्या एकमेकींत गुंफत जातात. हातभर विणून झालं की सगळे तोंडं फिरवतात आणि आल्या वाटेने नाचत तो अख्खा गोफ सोडवतात. आंबेखणचा त्यातही एक हट्टी नियम होता. गोफाला बोट लावायचं नाही. गाठ पडली तर तीसुद्धा पायांनीच सोडवायची.

या वर्षी आठवी मैथिली आई-बाबांबरोबर तरंगत्या वसाहतीत (समुद्रावर बांधलेल्या गावात) राहायला गेली आणि मुलं उरली सात. देवस्थान समितीने ठरवून टाकलं, की सातांना जमलं नाही तर मागच्या वर्षीच्या गोफाचं प्रकाशचित्र (हवेत उभं राहणारं, चहूबाजूंनी दिसणारं चित्र) मांडवात दाखवायचं. म्हणजे मागच्या वर्षीची केतकी नाचणार आणि या वर्षीची केतकी समोर बसून टाळ्या वाजवणार! हे काही तिला सोसणार नव्हतं.

"सात जणांचो गोफ होवचो नाय, चेडवा," सुहासतात्या म्हणाले. गेली चाळीस वर्षं गावाला गोफ शिकवत होते ते. "जोडी होयी. तीन हकडे, चार तकडे, मगे एकट्यान खय जावचा?"

"मी शोधून काढतंय, तात्यानू," केतकी म्हणाली आणि तडक घरी आली.

घरी विशाखाकाकी सुट्टीवर आली होती. काकी मूळची पुण्याची, आणि तिचं काम मोठं मजेदार होतं. ती संवादयंत्रांची (आपल्याशी माणसासारखं बोलणाऱ्या संगणकांची) परीक्षा घ्यायची. त्यांना कोडी घालायची, कविता करायला सांगायची आणि गुण द्यायची.

"अगं, मग गप्पूला विचार की!" काकी म्हणाली. गप्पू हे तिच्या हातातल्या संवादयंत्राचं लाडाचं नाव. "गेल्याच महिन्यात आम्ही या यंत्रांना लोकनृत्यं रचायला लावली होती. गप्पूला दहापैकी नऊ गुण मिळाले. मीच दिलेत."

केतकीने विचारायचा अवकाश, गप्पूने अर्ध्या मिनिटात नाच हजर केला. नाव 'सप्तरंगी सातेरी गोफ', सातेरी देवीच्या नावावरून. वेशभूषा सांगितली, ढोलाचा ठेका सांगितला, मधे म्हणायच्या चार ओळीही दिल्या. पावलं तर अशी नीटनेटकी लिहिलेली, की वाचतानाच पाय हलावेत.

संध्याकाळी मांडवात सातही जण त्याबरहुकूम नाचले. पहिला फेरा झोकात झाला. दुसऱ्यात जरा धक्काबुक्की झाली. तिसऱ्या फेऱ्याला हिरवी दोरी पिवळीत अडकली, पिवळी लालला घेऊन बसली आणि वर वाशाखाली एक भलामोठा गुंता तयार झाला. केतकीने दोरी ओढली, तर तो आणखीच आवळला.

मांडवाच्या कडेला तात्या बसले होते. ते हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या.

"गाठ पडली मा? आता सोडवा. पायान."

सोडवणार कशी? कोण कुठून कुठे गेलं होतं ते कुणालाच आठवेना. नशीब, काकीही पाहायला आली होती आणि तिच्या चष्म्यातल्या कॅमेऱ्याने सगळा नाच टिपून ठेवला होता. तेच चित्रण शेवटापासून सुरुवातीकडे चालवत, एकेक पाऊल मागे घेत, सातही जण तासभर खपले तेव्हा कुठे दोऱ्या सुट्या झाल्या. मुलं घामाघूम झाली. दोघं चिडून घरी गेली.

पण उलट चालताना केतकीला एक गोष्ट दिसली. गप्पूने लिहिलं होतं, 'प्रत्येकाने आपल्या समोरच्या जोडीदाराला ओलांडावे.' तिच्यासमोर जोडीदार नव्हताच. ती मुकाट्याने पुढच्याला ओलांडत गेली होती आणि गुंता बरोबर तिथून सुरू झाला होता.

"काकी," घरी जाताना तिने विचारलं, "गप्पूला नऊ गुण दिलेत, तेव्हा कुणी नाचून पाहिलं होतं?"

काकी चालता चालता थांबली.

"नाही गं. आम्ही पाच परीक्षक होतो. सगळ्यांनी वाचलं आणि…"

"वाचलं! गोफ वाचतात होय?"

काकीचा चेहरा पडला. इतकी शिकलेली बाई, पण तिने सारवासारव केली नाही. "चुकलंच आमचं," ती म्हणाली. "आम्ही त्याच्या मराठीला गुण दिले आणि नाचाला दिले असं समजलो."

"पण तो खोटं का बोलला?"

"खोटं नाही बोलला. गप्पू शिकलाय कसा, ते ऐक. माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर त्याला दाखवला आणि पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज करायला लावला. चुकला की सुधारायचं, पुन्हा अंदाज. असं कोट्यवधी वेळा. त्यातून त्याला पुष्कळ काही समजल्यासारखं बोलता येतं. गोफाबद्दल जिथे जिथे लिहिलंय, तिथे 'जोडीदार' हा शब्द येतोच. म्हणून त्यानेही लिहिला. सातांत एकाला जोडीदार नसतो, हे त्याने मोजून पाहिलंच नाही. घावण्यांबद्दल शंभर पुस्तकं वाचली आणि तव्याजवळ कधी गेलाच नाही, असा कुणी असेल ना, तसा तो."

"मग त्याला दोऱ्या दाखवायच्या."

"दोऱ्या कशा दाखवणार? पण स्थिती लिहायला लावता येईल. स्थिती म्हणजे त्या क्षणी कोण कुठे उभं आहे आणि कुणाची दोरी वर आहे, ते. प्रत्येक पावलानंतर त्याने ती लिहायची. म्हणजे तो चुकला तर कुठे चुकला ते सापडेल. आणि केतकी, चांगली परीक्षा तीच, जिच्यात नापास होता येतं. आमच्या परीक्षेत नापास व्हायची सोयच नव्हती."

दुसऱ्या दिवसापासून केतकीने कंबर कसली. खिडकीच्या गजाला तिने सात रंगांचे सुती दोरे बांधले. गप्पू पाऊल सांगायचा, स्थिती लिहायचा, केतकी दोऱ्यांवर करून पाहायची. पहिली रचना चौथ्या पावलावर फसली. "क्षमस्व, तुमचं बरोबर आहे," म्हणून गप्पूने दुसरी दिली, ती पाचव्यावर. तिसरी, चौथी, पाचवी… दरवेळी तेवढ्याच आत्मविश्वासाने नवा नाच आणि नवा गुंता. शनिवारपर्यंत अकरा रचना बाद झाल्या. शिमग्याला चार दिवस राहिले.

"सोडून दे गं," मधल्या सुट्टीत मुलं म्हणाली.

"सोडते की. गाठ सोडते," केतकी म्हणाली.

बारावी रचना मागण्याआधी मात्र ती थांबली. सात फार झाले. आधी थोड्या दोऱ्यांवर पाहू. एका दोरीचं काही विणता येत नाही. दोन दोऱ्यांचा नुसता पीळ होतो. तीन?

"गप्पू, तीन दोऱ्या विणायच्या तर?"

गप्पूने हे बिनचूक सांगितलं. कडेची दोरी मधे आणायची, मग दुसऱ्या कडेची मधे आणायची. अर्थात! ही तर वेणी! वेणी कशी घालावी हे हजारो लोकांनी लिहून ठेवलंय. आणि तीन हा आकडासुद्धा विषमच (दोनांनी भाग न जाणारा). केतकी टक लावून दोऱ्यांकडे पाहत राहिली. वेणीत जोड्या नसतात. वेणीत सगळ्या दोऱ्या एकदम हलतही नाहीत. एकटी कडेची हलते.

"मग गोल कशाला उभं राहायचं?" ती मोठ्याने म्हणाली. "रांगेत राहू!"

डावीकडे चार, उजवीकडे तीन. डाव्या टोकाच्या दोरीने निघायचं, पहिलीच्या पुढून, दुसरीच्या मागून, तिसरीच्या पुढून जायचं आणि मधे थांबायचं. आता ती उजवीकडची झाली. म्हणजे उजवीकडे चार, डावीकडे तीन. मग उजव्या टोकाने तसंच करायचं. केतकीने करून पाहिलं. बोटांखाली सात रंगांची चपटी, देखणी वीण उतरू लागली. ती जागच्या जागी उडीच मारणार होती, पण दोरे सुटतील म्हणून गप्प राहिली.

"आता तू मोज," तिने गप्पूला सांगितलं. "प्रत्येक चालीनंतरची स्थिती लिही. सगळे आपापल्या जागी परत केव्हा येतात?"

गप्पूने तक्ता लिहिला. चौदा चालींनी. केतकीने एकेक चाल दोऱ्यांवर ताडून पाहिली. चौदावी चाल झाली आणि सातही रंग जिथून निघाले होते तिथे येऊन उभे राहिले. या वेळी गप्पू पास झाला होता, आणि कुणी नुसतं वाचून त्याला पास केलं नव्हतं.

मांडवात दोरी हातात घेतल्यावर आणखी अडचणी निघाल्या. पुढून जाताना शेजाऱ्याच्या दोरीखालून वाकावं लागे, मागून जाताना आपली दोरी त्याच्या डोक्यावरून न्यावी लागे, आणि गप्पूने दिलेल्या चार ठोक्यांत हे कुणालाच जमेना. ठेका तात्यांनी बदलला. कधी उठून आले कोण जाणे, पण ढोल गळ्यात अडकवून म्हणाले, "साता ठोक्यांत जावा. पाय मोजतत, कान मोजतत, तेवा नाच होता." उभं राहायचं थोडं कमानीत, म्हणजे दोऱ्या सारख्या ताणलेल्या राहतात, हेही त्यांनीच सांगितलं. केतकीने ते सगळं वहीत उतरवलं, काकीने आपल्या अहवालात. गप्पूचे नऊ गुण खोडून काकीने तिथे लिहिलं, 'सुचवतो झकास. मोजायला लावलं तर मोजतो. पण दोरीवर नाचून पाहिल्याशिवाय गुण देऊ नयेत.' आणि खाली स्वतःची सही केली.

शिमग्याच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. प्रकाशचित्राचं यंत्र कोपऱ्यात तयार होतं. समितीने ते लावून ठेवलंच होतं. सात मुलं कमानीत उभी राहिली, ढोल घुमला आणि डाव्या टोकाची केतकी निघाली. वाकून, उचलून, वाकून, थांबली. उजव्या टोकाचा चिन्मय निघाला. नवव्या चालीला एकाचं पाऊल चुकलं, पण त्याने तिथेच दोन पावलं मागे घेऊन दुरुस्त केलं. चौदा चाली झाल्या. वर सात रंगांची वीण झुलत होती.

खरी परीक्षा पुढे होती. ढोल थांबला, मुलांनी तोंडं फिरवली. शेवटी मधे आलेला पहिल्यांदा बाहेर. मग त्याच्या आधीचा. एकेक रंग विणीतून सुटत गेला. शेवटची दोरी केतकीची होती. ती पुढून, मागून, पुढून आपल्या टोकाला पोचली आणि सात दोऱ्या वाशापासून टोकापर्यंत सुट्या, सरळ लोंबू लागल्या. कुणाचंही बोट लागलं नव्हतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. समितीच्या माणसाने यंत्र निमूटपणे पेटीत घातलं. तात्यांनी ढोल खाली ठेवला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. घाम गेलाय म्हणाले. केतकीचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि तिला फार आनंद झाला.

गर्दी पांगू लागली तेव्हा एक मुलगी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मागे आणखी चौघं होती. खाडीपलीकडच्या वाडीतली.

"आमच्याकडे गोफ बंद झालो," ती मुलगी म्हणाली. "अकरा वर्सा झाली. आमी पाचच जणां आसव."

पाच. केतकीने मनात मोजलं. डावीकडे तीन, उजवीकडे दोन. टोकाच्याने दोघांना ओलांडायचं, एकाच्या पुढून, एकाच्या मागून. जमेल असं तिला वाटलं, पण नुसतं वाटून आता भागणार नव्हतं.

"तात्यानू," तिने हाक मारली, "ढोल परत घेवा. दोन दोऱ्या सोडवन घेवया." मग ती त्या पाचांकडे वळली. "उबी रवा रांगेत. करून बगूया."