लेओंतीनच्या ओकवरची फुली

"पुलावर आधी कोण पोचतं बघू, असं कोण म्हणालं होतं?" नूरने कठड्यावर बसून पाय हलवत विचारलं.

"तांक्रेद म्हणाला होता," ओरियान म्हणाली.

"आणि पुलावर कोण आहे?"

"आपण दोघी."

"मग तुझा चुलतभाऊ थेट बोर्दोला घरी गेला असणार. आईची आठवण आली असेल."

ओरियानला हसू आलं, पण मनातून ती जरा चिंतेत होती. उद्या मोंब्रेलची फेरी होती. वर्षातून एकदा शेकडो सायकलस्वार द्रॉन नदीच्या खोऱ्यातून, जंगलातून आणि पडक्या किल्ल्याखालून जायचे. त्यांना वाट दाखवणाऱ्या खुणा ओरियानचे आजोबा एकटे रंगवायचे. बाण म्हणजे इकडे वळा, आणि फुली म्हणजे ही वाट चुकीची, इकडे फिरकू नका. आजवर मोंब्रेलच्या फेरीत एकही माणूस चुकलेला नाही, हे आजोबा रविवारच्या जेवणात सूप संपायच्या आत एकदा तरी ऐकवत. यंदा सत्तरी गाठल्यावर ते स्वतःही फेरीत उतरणार होते. म्हणून ही तीन मुलं आदल्या दिवशी तीच वाट तुडवत निघाली होती आणि प्रत्येक चढावर आजोबांच्या नावाने खडूने ‘आंसेल्म, चला’ असं भलंमोठं लिहीत होती. खडूंची पिशवी नूरच्या पाठीवर होती. नूर दहा वर्षांची, शेजारच्या पाववाल्याची मुलगी, आणि तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं.

इतक्यात तांक्रेद आला, पण समोरून नाही, बाजूच्या शेतातून. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि ज्या नव्या सायकलला तो कुणाला बोट लावू देत नसे ती खांद्यावर.

"एक अक्षर बोलू नका," तो म्हणाला.

"बदकं पाळायला घेतलीस का?" नूरने विचारलं.

"गिरणीच्या फाट्यावर फुली नव्हती! सरळ गेलो तो दलदलीत. तुमच्या आजोबांचं कौतुक आता मला सांगू नका."

"माझे तेच तुझे आजोबा आहेत," ओरियान तडकून म्हणाली. "आणि फुली आहे. चेस्टनटच्या झाडावर. मी पाहिली आहे."

"मग झाड कुठे आहे?"

तिघं मागे वळली. गिरणीच्या फाट्यावर चेस्टनट खरोखरच नव्हता. त्याच्या जागी नुकताच कापलेला पांढराशुभ्र बुंधा होता आणि भोवती ताजा भुसा. ओरियान आणि नूर दोघींना वाट पाठ होती, त्यामुळे मघाशी त्या खुणेकडे न बघताच वळल्या होत्या. शहरातून आलेला तांक्रेद मात्र फसला.

"चांगलं धडधाकट झाड होतं," ओरियान म्हणाली. "कुणी पाडलं?"

उत्तर थोडं पुढे रस्त्याकडेला रचून ठेवलेलं होतं. ॲशच्या झाडांचे ओंडके, एकावर एक. खोऱ्यातल्या ॲशना रोग लागला होता आणि ते रस्त्यावर कोसळायच्या आधी काढायचे असं गावात ठरलं होतं, एवढं तिला माहीत होतं. प्रत्येक ओंडक्यावर निळी फुली होती. ढिगाच्या अगदी वर चेस्टनट पडला होता. त्याच्यावरही निळी फुली.

"आजोबांचा रंग तर पांढरा असतो ना?" तांक्रेदने विचारलं.

"असतो. पण परवा पाऊस झाला, रस्ता ओला होता, रंग धरेना. मग त्यांनी फुल्या झाडांवर काढल्या. अर्ध्या वाटेत डबा संपला." ओरियान बोलता बोलता थांबली. "मग त्यांनी मेयरबाईंच्या गोदामातला उघडा डबा उचलला. निळा."

"आणि लाकूडतोडे फुली कशाला काढतात?" नूरने विचारलं.

"जे झाड पाडायचं, त्यावर."

मग ओरियानचा चेहरा उतरला, कारण पुढची निळी फुली कुठे होती ते तिला आठवलं. टेकडीच्या माथ्यावर, चॅपलच्या फाट्यावर. लेओंतीनच्या ओकवर.

लेओंतीन तिची पणजी. युद्धात जर्मन सैनिक खोऱ्यात होते तेव्हा ही सतरा वर्षांची पोर सायकलच्या टोपलीत पाव भरून तो चढ चढायची आणि जंगलात लपलेल्या पोरांसाठी पिशवी ओकच्या खोडातल्या लोखंडी आकड्याला अडकवून यायची. कुणी अडवलं तर मावशीकडे निघालेय म्हणायची. तिला मावशीच नव्हती. आकडा अजून तिथेच होता, झाडाच्या सालीने जवळजवळ गिळलेला. ओरियान लहान असताना आजोबांनी तिचं बोट धरून त्यावर ठेवलं होतं. पणजीची तिला तेवढीच ओळख होती.

खाली गावात बाराची घंटा वाजू लागली.

"सुटलो," तांक्रेद म्हणाला. "आता ते जेवायला बसणार. जेवण होईपर्यंत या देशात कुणी करवत उचलत नाही."

"फोनही उचलत नाही, शहाण्या," नूर म्हणाली. "लाव मेयरबाईंच्या कचेरीत."

त्याने लावला. कार्यालय जेवणासाठी बंद आहे, असं एका गोड आवाजाने सांगितलं. आजोबांचा फोन नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातल्या खणात सुरक्षित होता. राहिला होता तो चढ.

त्या चढाची आणि ओरियानची जुनी दुश्मनी होती. दरवेळी शेवटच्या वळणावर ती उतरायची आणि सायकल ढकलत न्यायची, आणि तांक्रेद वर उभा राहून टाळ्या वाजवायचा. आजही तोच पुढे निघाला, पण अर्ध्यावर त्याच्या त्या महागड्या सायकलची साखळी निसटली आणि दातेरी चक्रात कुठे अडकली ते बघत तो खाली वाकून बसला.

"तू जा!" तो ओरडला. "थांबू नकोस!"

ओरियान गेली. शेवटचं वळण आलं, मांड्या पेटल्या, छाती फुटेल असं वाटलं. उतरावं असं शंभरदा मनात आलं. टोपलीभर पाव घेऊन, जड लोखंडी सायकलवर लेओंतीन कशी चढत असेल, एवढंच ती स्वतःला विचारत राहिली, आणि उत्तर मिळायच्या आत चॅपल दिसलं.

ओकखाली घडीचं टेबल मांडून दोन माणसं जेवत होती. सॉसेज संपलं होतं, चीज संपत आलं होतं. कंत्राटदार देल्बोस कॉफीच्या थर्मासचं झाकण उघडत होता. ओरियानने धापा टाकत सगळं सांगितलं.

देल्बोसने शांतपणे ऐकून घेतलं. "हे बघ पोरी, निळी फुली दिसेल ते पाडायचं, असं मला मेयरबाईंनी सांगितलंय. फुली म्हणजे फुली. कॉफी झाली की सुरू करतो. तू जरा लांब उभी राहा."

"पण तुम्हाला ॲश पाडायचेत ना काका? हा ओक आहे."

"मी झाडाचं नाव-गाव विचारत बसलो तर झालंच माझं काम. मी फुली बघतो."

"म्हणजे फुली असेल ते पाडता? काहीही असो?"

"काहीही असो."

तोवर नूर येऊन पोचली होती. ओरियानने तिच्याकडे पाहिलं आणि मग देल्बोसच्या पांढऱ्या गाडीकडे. नूरला दोनदा सांगावं लागत नसे. तिने पिशवीतून निळा खडू काढला आणि गाडीच्या दारावर वरपासून खालपर्यंत झकास फुली मारली.

"अगं ए कार्टे!" देल्बोस खुर्चीवरून उठला.

"घ्या काका," ओरियान म्हणाली. "करवत इकडे आणा. फुली म्हणजे फुली."

दुसरा लाकूडतोड्या इतका हसला की कॉफी त्याच्या नाकातून आली. देल्बोसने गाडीकडे पाहिलं, मग ओककडे पाहिलं. ओरियानने त्याचा हात धरला आणि खोडाच्या मागच्या बाजूला नेऊन त्याचं बोट त्या लोखंडी आकड्यावर ठेवलं.

"इथे माझी पणजी पाव अडकवून जायची," ती म्हणाली. "लेओंतीन."

देल्बोसने आकड्यावरून हळूच बोट फिरवलं.

"माझे आजोबा त्या जंगलात होते," तो म्हणाला. "एका पोरीचा पाव खाऊन जगलो म्हणायचे. नाव त्यांना माहीत नव्हतं." मग त्याने करवत उचलली आणि गाडीत टाकून दार लावलं. दारावरची फुली मात्र त्याने पुसली नाही. तांक्रेद काळ्या हातांनी वर पोचला तेव्हा त्याला कॉफीसुद्धा मिळाली नाही, कारण ती दोन्ही मुलींनी संपवली होती.

संध्याकाळी गावच्या सभागृहात मेयरबाई लाल झाल्या होत्या आणि आजोबा पांढरे पडले होते.

"फेरीत कुणी चुकलं नाही म्हणत आलो," आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले. "यंदा मीच चुकलो. आईचं झाड माझ्याच हाताने गेलं असतं. या पोरांनी ते वाचवलं. माझ्या घरात अशी पोरं आहेत याचा मला आज जेवढा अभिमान वाटतो तेवढा कधीच वाटला नव्हता. नूर, तूही माझ्याच घरातली समज."

"मग अक्रोडाचा केक दोन तुकडे चालेल," नूर म्हणाली.

मेयरबाईंनी अख्खा केक मुलांच्या टेबलावर सरकवला आणि यापुढे प्रत्येक झाडाचं नाव लिहिल्याशिवाय हुकूम देणार नाही असं कबूल केलं.

सकाळी फेरी निघाली. गिरणीच्या फाट्यावर चेस्टनटच्या बुंध्यावर कंत्राटदार देल्बोस स्वतः उभा होता, दोन्ही हातांची छातीवर फुली करून, आणि शेवटचा सायकलस्वार जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला. कुणीही दलदलीत गेलं नाही.

टेकडीच्या चढावर ओरियान आजोबांच्या बाजूने चालवत होती. खडूने लिहिलेलं ‘आंसेल्म, चला’ मागे पडलं. शेवटचं वळण आलं, नेहमी उतरायची ती जागा आली, आणि तिथे रस्त्याच्या पूर्ण रुंदीत पांढरी अक्षरं होती. वर ‘लेओंतीन’. त्याखाली ‘ओरियान’. पहाटे कधीतरी आजोबा एकटेच येऊन गेले असणार, कारण त्यांच्या नखांत पांढरा रंग अजून होता.

तिला पुढचं धूसर दिसायला लागलं.

"आजोबा, पावसात पुसून जाईल हो."

"खडू नाही तो, रंग आहे," आजोबा धापा टाकत म्हणाले. "कोरड्या रस्त्यावर, पांढरा, जसा असायला हवा तसा. आता वाचत बसू नकोस. चढ."

ओरियान पेडलवर उभी राहिली आणि न उतरता दोन्ही नावांवरून वर गेली.