मलकपेठेतलं तिसरं ताट

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. हे माझ्या आईच्या बाबतीत घडलं, आणि आई थापा मारणाऱ्यांतली नाही. उलट कुणी भुताखेतांचा विषय काढला की ती "गॅसवर भाजी आहे" म्हणून उठून जाते.

साल १९९८. मार्च महिना. हैदराबाद, मलकपेठ.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारी दीडची होती.

तेव्हा ती माझी आई नव्हती. वीस वर्षांची मेधा होती, साताऱ्याची आणि हट्टी. सगळीकडे कॉम्प्युटरचं वारं सुटलं होतं. हैदराबादला चार महिन्यांचा कोर्स केला की नोकरी पक्की, असं जो तो सांगायचा. तिच्या वडिलांनी बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी एका अटीवर सोडलं. राहायचं ते नामदेवरावांच्याच घरी. तिथे जमलं नाही तर मुकाट्याने परत यायचं आणि मे महिन्यात बोहल्यावर उभं राहायचं. मुलगा बघून ठेवलेला होता.

म्हणजे घर टिकलं तर कोर्स, नाहीतर लग्न.

नामदेवराव वडिलांच्या जुन्या ओळखीचे. अफझलगंजला त्यांचं किराणा दुकान होतं. घरात ते, त्यांची बायको तारामती आणि सून रेणू. मुलगा दुबईला नोकरीला. घर मराठी, पण पिढ्यान् पिढ्या तिथलं, त्यामुळे बोलण्यात "हौ" आणि "नक्को" सारखं यायचं.

पहिल्या दिवशी तारामतीकाकूंनी दार उघडलं, मेधाला खालून वर पाहिलं आणि बाजूला झाल्या. "ये" म्हणाल्या नाहीत.

दुपारी चटईवर तीन ताटं वाढलेली होती. एक काकांचं, एक काकूंचं. तिसरं भिंतीला लागून. रेणू वाढत होती, आणि सून मागाहून जेवणार हे उघड होतं. मग तिसरं कुणाचं? पाहुणीचंच असणार.

मेधा जाऊन बसली.

रेणूच्या हातातली पळी थांबली.

काकांनी मान खाली घातली.

काकू नुसत्या बघत राहिल्या.

काहीतरी चुकलंय, हे मेधाला कळलं. पण काय, ते कुणी सांगेना. बसलेल्याला ताटावरून उठवायचं नाही आणि वाढलेल्या ताटावरून आपण उठायचं नाही, हे दोन्ही घरांत लहानपणापासून शिकवलेलं. तिने मान खाली घालून जेवायला सुरुवात केली. आणि तेवढ्यात तिच्या डाव्या अंगाला...

चटई दबल्याचा आवाज झाला. कुणीतरी मांडी घालून बसल्यासारखा.

डावीकडे भिंत होती. तिच्यात आणि भिंतीत जेमतेम वीतभर जागा.

तिने ताट स्वच्छ केलं. हात धुतले. आणि तिच्या लक्षात आलं, की पोटात काहीच गेलेलं नाही. सकाळपासून उपाशी असल्यासारखी भूक तशीच होती.

दुसऱ्या दिवसापासून काकू बदलल्या. मेधा क्लासवरून यायच्या आत ताट तयार असायचं. त्याच जागी. स्वतः वाढायच्या. "खा ना गं, कायकू लाजती?" म्हणत पोळीवर पोळी टाकायच्या. मेधा नको म्हणाली की त्यांचा चेहरा असा काही व्हायचा की तिला भीती वाटायची. तो आग्रह नव्हता, जबरदस्ती होती. आणि वाढताना काकू मेधाकडे बघायच्याच नाहीत. भिंतीकडे बघायच्या.

तिसऱ्या दिवशी मेधाने भात कालवायला घेतला, तर...

भाताची पलीकडची बाजू खचली. चार बोटं बुडवून घास उचलावा, तशी.

मग चावल्याचा आवाज. घाईघाईचा. खूप दिवसांच्या उपाशी माणसाचा.

काकांना तो ऐकू येत होता. त्यांनी ताट उचललं आणि दुसऱ्या खोलीत गेले.

मेधा पळून का गेली नाही? मीही हेच विचारलं. क्लासच्या पहिल्याच छोट्या चाचणीत तिचा पहिला नंबर आला होता. सरांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं होतं. तिला ते सोडवत नव्हतं. चार महिने दुपारी डोळे मिटून जेवू, असं तिने ठरवलं.

पण सहाव्या दिवशी मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. क्लासबाहेरचा चहा आणि दोन बिस्किटं अंगी लागायची, घरातलं चार पोळ्यांचं जेवण लागत नव्हतं.

सातव्या दिवशी रेणूने तिला गच्चीवर गाठलं. पापड उलटता उलटता, खाली बघतच बोलली.

"ते ताट तुझं नव्हतं. माझ्या वन्संचं होतं, राणीचं."

राणी म्हणजे काकूंची मुलगी. दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली, एकोणिसाव्या वर्षी. शेवटचे आठ दिवस ती जेवायला मागत होती. डॉक्टरांनी देऊ नका सांगितलं होतं आणि काकूंनी दिलं नाही. तेव्हापासून रोज तिचं ताट वाढायचं आणि मग गाईला घालायचं. दोन वर्षांत एक शीतही हललं नव्हतं.

"तू बसलीस आणि ती जेवायला लागली," रेणू म्हणाली. "मामी आता तुला सोडणार नाहीत. उद्या अर्ध्या जेवणातून ऊठ. काही झालं तरी ऊठ."

रेणू सासूला मामी म्हणायची.

आठव्या दिवशी मेधाचं धाडस होईना. उठली की घर गेलं, कोर्स गेला. दोन घास खाल्ले. तिसरा तोंडाशी नेला, आणि हात मध्येच थांबला...

मनगट कुणीतरी धरलं होतं. बोटं बारीक होती आणि गार.

मग मेधाचं तोंड उघडलं. ती सांगते, मी उघडलं नाही, ते उघडलं.

"अजून वाढ, आई."

काकू रडायला लागल्या. आनंदाने. रडत रडत भात वाढत राहिल्या, ताटाबाहेर सांडला तरी वाढत राहिल्या.

मेधाने सगळा जीव एकवटून हात हिसडला आणि उठली. उष्ट्या हाताने, भरल्या ताटावरून.

काकूंचं रडणं थांबलं. त्या अजिबात चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "जा. सामान घेऊनच जा." आणि सुनेकडे वळल्या.

"रेणू, तू बस."

रेणूने मेधाकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

मेधाने बॅग उचलली. दाराशी चपला घालत होती, तेव्हा आतून आवाज आला. आवाज रेणूचाच होता...

"अजून वाढ, आई."

मे महिन्यात मेधाचं लग्न झालं. दिवाळीला तिच्या वडिलांनी नामदेवरावांना फोन केला होता. सगळं ठीक आहे, असं काका म्हणाले. सून तेवढी उतरलीय, पण जेवण छान आहे तिचं.

त्यानंतर दोन्ही घरांचा संबंध राहिला नाही.

आईने हे मला मागच्या वर्षी सांगितलं, एकदाच. भुताची भीती तिच्या आवाजात नव्हती, लाज होती. म्हणाली, "दार उघडं होतं रे. मला रेणूचा हात धरून तिला बाहेर आणता आलं असतं. मी चपला घातल्या."

रेणूचं पुढे काय झालं, हे तिने कधीच विचारलं नाही. त्या घराचा फोन नंबर तिच्या जुन्या डायरीत आहे. मी तो उतरवून घेतलाय.

अजून लावलेला नाही.