बंद तारेतली वीज

"माझ्या नवऱ्यानं लाइन चालू केलीच नाही," खुर्चीवर टेकायच्या आधीच बुशरा म्हणाली.

शाकिर मुतलकची कचेरी बसऱ्याच्या अशार बाजारात, एका लोणच्याच्या दुकानावर होती. वीस वर्षं पोलिसांत तपासाचं काम करून तो बाहेर पडला होता आणि आता खाजगीत तेच करत होता. त्याचा मेहुणा हातिम, भूगोलाचा निवृत्त मास्तर, त्याची गाडी चालवायचा आणि बहुतेक वेळा चुकीचे अंदाज बांधायचा.

"बैस, बहिणी. पहिल्यापासून सांग," शाकिर म्हणाला.

अबू अल-खसीबच्या खजुरीच्या बागांमागे गेल्या काही वर्षांत घरांवर घरं उठली होती. प्रत्येक घरात एसी, आणि तारा मात्र जुन्याच. म्हणून सरकारनं तिथं नवं उपकेंद्र बांधलं, नवे खांब रोवले. बुशराचा नवरा गानिम त्या उपकेंद्रात ऑपरेटर होता. अकरा दिवसांपूर्वी, दुपारी एकच्या सुमाराला, सरमद नावाचा वायरमन खांबावर नवी लाइन जोडत असताना विजेच्या धक्क्यानं गेला. खांब त्याच्याच गल्लीच्या तोंडाशी होता. लाइन बंद असायला हवी होती.

"सगळे म्हणतात, गानिमनं विसरून चालू केली. तो कोठडीत आहे. सरमदचा भाऊ निजार त्यांच्या कबिल्याचे लोक घेऊन दारात आला. शुक्रवारपर्यंत वस्ती सोडा म्हणाला." बुशरानं पदरासारखी ओढलेली अबाया मुठीत धरली. "उपकेंद्रातल्या स्विचला कुलूप होतं. किल्ली सरमदच्या खिशात. मेल्यावरही तिथंच सापडली."

"मग सुटलाच की तो!" हातिम म्हणाला.

"म्हणतात, त्याच्याकडे दुसरी किल्ली असणार."

कोठडीत गानिम गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. लाइन खरंच बंद होती का, हे शाकिरनं त्याला दोनदा विचारलं.

"नऊ वाजता सरमदनं स्वतः कुलूप घातलं," गानिम म्हणाला. "तीन वाजेपर्यंत काटा शून्यावर होता. मी तासातासाला नोंद केलीय. पण नोंद माझ्याच हातची, कोण मानतंय?" मग हळूच म्हणाला, "आम्ही एकाच बाकावर शिकलो, साहेब. त्याच्या दफनाला मला जाता आलं नाही."

बाहेर आल्यावर हातिम म्हणाला, "रडणं खरं वाटलं. पण विसरणारी माणसंही खरंच रडतात."

"हातिम, आज पहिल्यांदा बरोबर बोललास."

कंत्राटदाराचा मुकादम वसीम खांबाखालीच भेटला. वर नवा ट्रान्सफॉर्मर चकाकत होता.

"रोज दहा खांब पुरे करा म्हणून वरून फोन," तो घाम पुसत कुरकुरला. "लोक उकाड्यानं रस्त्यावर येतायत, मंत्रालयाला घाई. त्यात हे झालं. घरांकडच्या तारा सरमदनं ट्रान्सफॉर्मरला आधीच जोडल्या होत्या. उपकेंद्राकडून येणारी तार त्यानं उचललीसुद्धा नव्हती, खाली खांबालाच गुंडाळलेली होती. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस चढवून जोडून घेतली मी."

"सरमदचा हात कुठं होता?"

"ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या टोकावर. उजवा. कोळसा झाला होता."

"आणि जमिनीला जोडायच्या साखळ्या? चुकून आलेली वीज मातीत उतरावी म्हणून काम करताना तारेला लावतात त्या?"

वसीमनं नजर फिरवली. "एकच संच आहे. त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होता."

गल्लीच्या कोपऱ्यावर अबू दिरगामचा मोठा जनरेटर धडधडत होता. सरकारी विजेला तिथं सगळे वतनिया म्हणत. वतनिया गेली की अख्खी वस्ती अबू दिरगामच्या तारांवर जगायची.

"हाच!" हातिम कुजबुजला. "नवी लाइन आली की याचा धंदा बसला."

"मास्तर, मला ऐकू येतं," अबू दिरगाम म्हणाला. "लाइन येणारच. मी माझं मशीन कर्बलाला विकायला काढलंय, विचारा कोणालाही. आणि त्या वेळी तर माझं मशीन बंद होतं. साडेबारा ते दीड त्याला विसावा देतो मी रोज. नाहीतर उन्हाळ्यात जळून जाईल."

"त्या तासात लोक काय करतात?"

"काय करणार? घरातला वतनिया की जनरेटर निवडायचा खटका माझ्याच बाजूला ठेवून ओल्या फरशीवर पडतात, मला शिव्या देत."

सरमदचं घर गल्लीतलं पहिलंच. निजारनं दार उघडलं, पण वाट सोडली नाही. शाकिरनं सरमदसाठी फातिहाची दुआ म्हणायची परवानगी मागितली तेव्हा त्याला बाजूला व्हावंच लागलं.

आत सरमदचे म्हातारे वडील, हज्जी मजीद, नाकाला नळी लावून पडले होते. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. सरमदची आई, उम्म निजार, चहा ठेवून कोपऱ्यात बसली.

"दोन्ही विजा गेल्या की हे कशावर चालतं?" शाकिरनं विचारलं.

"बॅटरीवर," निजार चटकन म्हणाला.

यंत्रातून एकच वायर निघून भिंतीत गेली होती. बॅटरी कुठंच दिसत नव्हती.

अंगणात जुन्या गालिच्याखाली एक छोटा पेट्रोलचा जनरेटर होता. गालिचा धुळीनं माखलेला. ओढायच्या दोरीची मूठ मात्र हातांनी घासून लख्ख.

"बिघडलाय तो. दोन वर्षं झाली," निजार म्हणाला.

"हे सॉकेट नवं दिसतंय," हातिम जनरेटरशेजारच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला. "बाकीची सगळी पिवळी, हे म्हाताऱ्याच्या नव्या कवळीसारखं पांढरं."

शाकिरनं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "जा, गाडी घेऊन बुशराला घेऊन ये."

तासाभरानं ती दोघं आली. बुशराला पाहताच निजार उसळून उठला. "या बाईला माझ्या घरात?"

"बैस, बाळा," शाकिर म्हणाला. "मला तिला जे सांगायचंय ते तुझ्याच घरात सांगावं लागणार आहे."

निजार बसला नाही.

"उपकेंद्राची तार जोडलेलीच नव्हती. खाली गुंडाळलेली होती. म्हणजे गानिमनं शंभर वेळा लाइन चालू केली असती तरी वीज सरमदपर्यंत पोचणार नव्हती. त्याचा जळालेला हात ट्रान्सफॉर्मरवर होता. वीज आली ती ट्रान्सफॉर्मरमधून. खालून, घरांकडून."

"घरांकडून वीज जाते कशी?" हातिमनं विचारलं.

"ट्रान्सफॉर्मर मोठी वीज लहान करून घरांत पाठवतो. घरातून लहान वीज उलटी सोडली, तर तोच तिला मोठी करून वर फेकतो. हजारो व्होल्ट. त्या तासाला अबू दिरगामचं मशीन बंद होतं. सगळ्या घरांचे खटके त्याच्या बाजूला, म्हणजे वतनियाच्या तारांवर कोणाचाच भार नव्हता. फक्त एका घराचा खटका वतनियाकडे होता. त्या घरात एक छोटा जनरेटर सुरू झाला. दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरीनं तो भिंतीच्या सॉकेटमध्ये जोडलेला होता. एवढासा जनरेटर पुरला, कारण ती वीज खेचायला दुसरं घरच नव्हतं."

शाकिर निजारकडे वळला.

"यंत्राला बॅटरी नाही, निजार. जनरेटर बिघडलेला नाही, दोरीची मूठ रोज वापरातली आहे. सॉकेट जळलं म्हणून नवं बसवलंस. वायर कुठं टाकलीस? कालव्यात?"

"खोटं आहे सगळं!" निजार ओरडला, पण आवाज मध्येच फाटला. "मी काही... मी फक्त..."

"त्या वेळी घरात हज्जींपाशी आईच होती; तू मागाहून आलास. वायर पाहिलीस आणि तुला कळलं. आईला वाचवायला गानिमला बुडवलंस."

"कोणीच काही केलेलं नाही! तिला काही माहीत नाही, तिला यात..."

"मला माहीत आहे," कोपऱ्यातून आवाज आला.

उम्म निजार भिंतीला धरून उठली.

"जेवायला आला होता तो," ती म्हणाली. "भेंडीची बामिया केली होती. खटका त्यानंच वतनियाकडे वळवला. म्हणाला, यम्मा, दहा मिनिटांत वीज देतो, पहिला पंखा बाबांचा फिरेल. दहाची वीस झाली. यांचे ओठ निळे पडले. वायर सरमदनंच करून दिलेली. आधी खटका मधे ठेवून दोन्ही बाजू तोड, मग दोरी ओढ, असं शंभरदा सांगायचा. मी यांच्या ओठांकडे बघत होते. दोरी ओढली तेव्हा जनरेटर कण्हला, काहीतरी जड उचलल्यासारखा. आणि बाहेर..." तिनं दाराकडे पाहिलं. "तो ओरडला. एकदाच."

"यम्मा, गप्प बस," निजार रडत म्हणाला.

"अकरा दिवस गप्प आहे. पोलीस आले, कबिल्याचे लोक आले, सगळ्यांनी तुलाच विचारलं. मला वाटायचं, आता कोणीतरी मला विचारेल. मी सगळ्यांना चहा दिला." ती बुशराकडे वळली. तिचे हात धरायला पुढं झाली आणि मधेच थांबली. "तुझं दार मी वाजवायला हवं होतं, पोरी. रोज उंबऱ्यापर्यंत यायचे."

बुशरानंच ते थांबलेले हात धरले.

"खाला, हा गुन्हा नाही, अपघात आहे," शाकिर म्हणाला. "साखळ्या असत्या तर सरमद जिवंत असता. ते मी लिहून देईन, आणि वसीमला सही करायला लावीन. पण गानिमसाठी तुम्हाला ठाण्यात बोलावं लागेल."

तिनं खुंटीवरची अबाया काढली. दाराशी पोचून ती मागं वळली. "यांच्यापाशी कोण बसेल?"

निजारला तिच्याबरोबर जाणं भाग होतं; त्यालाही बोलायचं होतं.

"मी बसते," बुशरा म्हणाली.

गाडी गेल्याचा आवाज आला. बुशरानं म्हाताऱ्यांच्या उशाशी चटई ओढली. नळी कलली होती, ती नीट केली. हज्जी मजीद झोपलेच नव्हते. त्यांनी डोळे उघडले.

"कोण?"

"गानिमची बायको, हज्जी."

त्यांनी तिच्याकडे मान वळवली.

"बोलली का ती शेवटी?"

"बोलल्या."

म्हाताऱ्यानं मान हलवली. डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता जरा झोपेल तरी."