करगोट्याचा दोरा

माणगावच्या त्या लहानशा इस्पितळात डॉक्टर क्रांतीच्या हाताला यश आहे, असं सगळेच म्हणत; आणि खरं सांगायचं तर तिलाही ते चांगलंच ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळी अकराला शस्त्रक्रिया होती. पूनम आणि सुजितचा दोन दिवसांचा मुलगा. पोट फुगलेलं, हिरव्या उलट्या. आतडं जन्मापासूनच कुठेतरी बंद होतं.

"दुर्बिणीनं करू," क्रांती म्हणाली. "तीन बारीक छिद्रं. बाळ लवकर दूध प्यायला लागेल, व्रणही दिसणार नाही."

भूल देणारा डॉक्टर ऋत्विक कुरकुरला. "पोट उघडलं तर सगळं आतडं हातात घेऊन तपासता येतं. आणखी कुठे बंद असलं तर?"

"पडद्यावर मला तुझ्यापेक्षा दहापट मोठं दिसतं," ती हसली. उगाच फुशारकी नव्हती ती. अशी सहा बाळं तिनं ठणठणीत घरी धाडली होती.

हात धुवायला निघाली, तर दाराजवळच्या बाकावर एक म्हातारी. नऊवारीला वेखंडाच्या धुरीचा वास. डोळे मिटून ती काळा दोरा चिमटीतून इंचाइंचानं सरकवत होती.

"करगोट्याचा हाय," ती म्हणाली. "मधी गाठ असंल तर पोराच्या कमरेला बांधीत न्हाय. डोल्याला दिसत न्हाय, बाय... बोटांना गावते."

आजी आहे, काळजी करणारच, असं मनाशी म्हणत क्रांती आत गेली.

दुर्बीण आत शिरली. वरच्या बाजूचा अडथळा लगेच सापडला. त्याच्या खालचं आतडं चिमट्यांनी उलगडत तिनं शेवटपर्यंत पाहिलं. बारीक, पण सलग.

"एकच जागा आहे," ती म्हणाली, आणि चिमटे स्थिर धरून तिनं सुई मागितली.

पडद्यावर आतडं सरकलं.

"ऋत्विक... बाळ हलतंय?"

"नाही. पूर्ण शिथिल आहे."

यंत्राची टिकटिक संथच होती. आतडं मात्र सरकत राहिलं, कुणी चिमटीतून ओढावं तसं. दोन्ही बाजूंनी दाबल्याचे खळगे उमटत होते. मास्कच्या आत वेखंडाचा वास भरला. मग एका जागी आतडं थांबलं. खळगे तिथेच रुतून राहिले.

"हे... तूच करतेयस ना?" ऋत्विकनं हळूच विचारलं.

क्रांती घाबरली. पण घाबरून हात आखडणाऱ्यातली ती नव्हती.

"पोट उघडते," ती म्हणाली.

आतडं बोटांत घेऊन ती त्या जागेवर आली. बाहेरून डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. बोटांना मात्र आत पातळ पडदा लागला, वाट पुरती बंद. तो तसाच राहिला असता तर पोर हातचं गेलं असतं. तिनं दोन्ही अडथळे काढले, आतडं जोडलं, पोटाभोवती पट्टी स्वतः गुंडाळली आणि वर तारीख घालून सही केली.

"तुमच्या आजींना सांगा, बोटांचंच खरं निघालं," बाहेर येऊन ती म्हणाली.

"कोन आजी, मॅडम?" पूनमनं विचारलं. "आमी दोघंच आलोय."

क्रांतीनं बाकावरची म्हातारी आणि तिचा दोरा सांगितला. सुजित खालीच बसला.

"मनुबाय... माजी आजी. सुईण व्हती. परत्येक पोराचा दोरा अशीच चाचपायची. मी सातवीत व्हतो, तवा गेली."

तिसऱ्या दिवशी बाळाला शी झाली आणि पूनमच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. क्रांतीलाही भरून आलं. त्याच आनंदात ती पट्टी बदलायला बसली. सही, तारीख, चिकटपट्टी, सगळं जागच्या जागी. तिनं पट्टी सोडली.

आत, बाळाच्या कमरेला, काळा दोरा होता.

कापायला कात्री घेतली, पण बांधलाय कुठे हे पाहावं म्हणून तिनं तो चिमटीत धरून कमरेभोवती हळूहळू फिरवला. एक फेरा झाला. दुसरा तिनं डोळे मिटून घेतला.

गाठ कुठेच नव्हती.